आमच्या चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्या प्रा. एलिनॉर झेलियट

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

मागे दाराशी ताटकळत उभ्या असलेल्या तरुण मित्रांनो, आत या, पुढे जागा आहे.

वर्धापनदिनाच्या भाषणाला विषय काय घ्यावा यावर समितीच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. दरवर्षी आपण बाबासाहेबांवर बोलतो, तथागतांवर बोलतो, माता रमाईवर बोलतो, आणि बोलायलाच पाहिजे. यावेळी आम्ही म्हटलं, एका इतिहासाच्या प्राध्यापिकेवर बोलू. नाव सांगितलं तेव्हा दोघातिघांनी भुवया चढवल्या. अमेरिकेतली बाई? आपल्या विहारात? आपली माणसं संपली काय? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर म्हणूनच हे भाषण आहे असं समजा.

प्रा. एलिनॉर झेलियट यांचा जन्म १९२६ सालचा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. आयोवा म्हणजे मक्याच्या शेतांचा मुलूख. घराणं क्वेकर पंथाचं. हा ख्रिस्ती लोकांतला एक छोटा पंथ, सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघाला. मूळच्या पद्धतीप्रमाणे यांच्या सभेत पाद्री नसतो, मंडळी एकत्र येऊन गप्प बसतात आणि ज्याला आतून काही बोलावंसं वाटेल तो उठून बोलतो, मग तो बाप्या असो की बाई. युद्धाला यांचा विरोध. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे अमेरिकेत काळ्या माणसांची गुलामी जोरात होती तेव्हा १६८८ सालीच यांच्यातल्या काही लोकांनी लेखी निषेध केला होता की माणसाने माणूस विकत घेणं हे पाप आहे. आता हे सगळे क्वेकर सारखे होते असं नाही, त्यांच्यातही गुलाम बाळगणारे होते. पण घरातलं वळण हे. पुढे ही मुलगी क्वेकरांच्याच विल्यम पेन कॉलेजात शिकली, मग ब्रिन मॉर इथून एम. ए. झाली, आणि नंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएच. डी. ला लागली. प्रबंधाचा विषय काय घेतला? डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ.

इथे जरा थांबू या, कारण खरी गोष्ट इथे आहे.

१९६०च्या दशकाचा मध्य डोळ्यापुढे आणा. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण होऊन आठ-नऊ वर्षं झालेली. देशातल्या विद्यापीठांतून हिंदुस्थानच्या इतिहासाची जाडजाड पुस्तकं शिकवली जात होती, आणि त्यात बाबासाहेब कुठे? पुणे करारापाशी दोन ओळी, राज्यघटनेपाशी दोन ओळी. महाडचा संगर, येवल्याची घोषणा, नागपूरची दीक्षा, ही सगळी जणू एका जातीची घरगुती कार्यं. धनंजय कीरांचं इंग्रजी चरित्र १९५४ साली आलं होतं. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी तर बाबासाहेबांच्या हयातीतच, १९५२ साली, मराठी चरित्राचा पहिला खंड काढला होता आणि ते पुढचे खंड लिहीत होते. खैरमोड्यांचं नाव आपण आदराने घेतलं पाहिजे, कारण कागद जमवायचं खरं काम आधी त्यांनी केलं. ही सगळी चरित्रं. पण ज्या लाखो माणसांच्या बळावर चळवळ उभी राहिली त्या माणसांचा इतिहास, म्हणजे तुमच्या-आमच्या आज्यापणज्याचा इतिहास, विद्यापीठाच्या दाराबाहेरच उभा होता. पाणवठ्यावर जसं लांब उभं राहायचं, तसं.

अशा वेळी ही बाई महाराष्ट्रात आली. तिने दिल्लीचा इतिहास घेतला नाही, मोगलांचा घेतला नाही, इंग्रज गव्हर्नर जनरलचा घेतला नाही. एका प्रदेशाचा, आणि त्या प्रदेशातल्या सगळ्यात खालच्या मानलेल्या समाजाचा इतिहास घेतला. याला प्रादेशिक इतिहास म्हणतात. नाव ऐकून तो लहान इतिहास आहे असं वाटतं. तसं नाही. दिल्लीत बसून तुम्हाला बाबासाहेब अर्धेच दिसतील, गोलमेज परिषदेतले आणि घटना समितीतले. उरलेले अर्धे बाबासाहेब मराठीत आहेत. मूकनायक १९२०, बहिष्कृत भारत १९२७, जनता १९३०, प्रबुद्ध भारत १९५६, ही सगळी पत्रं मराठी. जलसे मराठी. कामाठीपुऱ्यापासून कोकणच्या खेड्यापर्यंत झालेली भाषणं मराठी. ज्याला मराठी येत नाही त्याला हे दालन बंद. बाईंनी मराठी शिकून घेतली आणि हे दालन उघडलं. ग्रंथालयातच बसून राहिल्या नाहीत. बाबासाहेबांबरोबर काम केलेले कार्यकर्ते तेव्हा हयात होते, त्यांच्याकडे गेल्या, त्यांना बोलतं केलं, लिहून घेतलं. नागपूरला वसंत मून यांच्याशी त्यांचा जो स्नेह जमला तो शेवटपर्यंत टिकला. मून म्हणजे तेच, ज्यांनी पुढे महाराष्ट्र शासनाच्या वतीने बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड संपादित केले, १९७९ साली पहिला खंड आला. मून यांच्या 'वस्ती'चा इंग्रजी अनुवाद गेल ऑम्वेट यांनी केला, तो २००१ साली निघाला, त्याला प्रस्तावना झेलियट बाईंची आहे.

१९६९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. त्याच वर्षी मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थफील्ड नावाच्या गावी कार्लटन कॉलेजात त्या इतिहास शिकवू लागल्या आणि १९९७ पर्यंत तिथेच राहिल्या. अठ्ठावीस वर्षं एका कॉलेजात. आपल्याकडे म्हणतात ना, एका खात्यात नोकरी काढली. बर्फाच्या प्रदेशातलं लहानसं गाव, आणि तिथल्या वर्गात गोऱ्या पोरांना चवदार तळ्याची गोष्ट सांगणारी बाई! तिकडच्या काही कॉलेजांची मिळून पुण्याला विद्यार्थी पाठवायची योजना होती, मुलं येत, मराठी शिकत, इथल्या घरांत राहत. त्या योजनेशीही बाईंचा जवळचा संबंध होता.

आता प्रबंधात आहे काय ते सांगतो. आमचं शिक्षण नववीपर्यंतचं. इंग्रजी पुस्तक वाचायचं म्हणजे मांडीवर डिक्शनरी आणि शेजारी पेन्सिल, पाळी सुटल्यावर रात्री दोन-तीन पानं. पण जे समजलं ते पक्कं समजलं.

बाईंनी पहिला प्रश्न असा विचारला की बाबासाहेबांच्या हाकेला हा समाज उठला, तर तो उठण्याजोगा झाला कसा? अस्पृश्य तर देशभर होते. मग चळवळ इथेच इतकी का पेटली? आपण काय म्हणतो? बाबासाहेब आले म्हणून. ते खरंच आहे. पण इतिहासकाराला तेवढं पुरत नाही. बाईंनी मागे जाऊन बघितलं. गावगाड्यात महाराला ठरलेला धंदा नव्हता. चांभाराला कातडं होतं, कुंभाराला चाक होतं. महाराला होती ती गावकी: वेसकरी करायची, सांगावा पोचवायचा, सारा भरायला निघालेल्या पाटलाबरोबर चालायचं, शिवेचा तंटा झाला तर हद्द सांगायची, मेलेलं ढोर ओढायचं. हातात कसब नाही म्हणजे हलाखी, पण त्याचाच दुसरा अर्थ असा की गाव सोडलं तर धंदा बुडत नव्हता. इंग्रजी अमलात नवी कामं निघाली तेव्हा हा माणूस गाव सोडून निघाला. पलटणीत गेला, रेल्वेत गेला, गोदीत गेला, दारूगोळ्याच्या कारखान्यात गेला, मुंबई-नागपूरच्या गिरण्यांत आला. पलटणीत तर लिहिणं-वाचणंही मिळालं. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्याचा अर्थ काय हे या पुस्तकाने आम्हाला समजावलं.

मग १८९० नंतरच्या काही वर्षांत लष्कराने महारांची भरती बंद केली. म्हणजे उघडलेलं दार पुन्हा लावलं. त्यावरून पहिल्या अर्जविनंत्या सुरू झाल्या. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर, ज्यांनी १८८८ सालीच 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्मपंडितांना प्रश्न विचारले. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे, ज्यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढला. नागपूरचे किसन फागूजी बनसोडे, ज्यांनी वृत्तपत्रं चालवली आणि मुलींसाठी शाळा काढली. ही माणसं बाबासाहेबांच्या आधीची. आपल्या विहाराच्या भिंतीवर यांचा एक फोटो नाही. आमचं म्हणणं फोटो लावाच असं नाही, पण पोरांना नावं तरी माहीत असावीत. बाबासाहेब आकाशातून पडले नाहीत, तीन पिढ्यांनी रान भाजून ठेवलं होतं, त्यात त्यांनी पेरणी केली. असं म्हटल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत.

गिरणीचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट सांगतो. आमच्या आजोबांच्या वेळी आपल्या माणसाला गिरणीत काम मिळायचं ते रिंगखात्यात आणि असल्याच कमी पगाराच्या खात्यांत. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, मज्जाव. का? तर कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. आपल्या माणसाने तोंड लावलेला धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? झाला विटाळ! साचेखात्यात पगार जास्त, म्हणून हा विटाळ जास्त कडक, हे लक्षात घ्या. १९२८च्या मोठ्या संपात लाल बावटेवाले वर्गलढ्याची भाषणं ठोकत होते, तेव्हा बाबासाहेबांनी रोखठोक विचारलं की आधी या खात्याचं काय ते सांगा. आमच्या वेळी ते राहिलं नव्हतं, साचेखात्यात आपली माणसं होती. पण तरुणांनी हे विसरू नये की जात नुसती देवळाच्या पायरीवर नव्हती, ती सुताच्या टोकावर होती. गिरणगावच्या इतिहासाची किती पुस्तकं निघतात, त्यात भजनी मंडळं असतात, खानावळी असतात, आणि हा धोटा कधी असतो, कधी नसतो. माणूस कोणत्या खात्यात होता आणि का होता, हे विचारण्याची सवय आम्हाला झेलियट बाईंना वाचून लागली.

आता न आवडणाऱ्या गोष्टींकडे वळतो. स्तुतीच करायची असती तर हार घालून मोकळे झालो असतो.

पहिली तक्रार कार्यकर्त्यांची अशी की बाई सगळीकडे 'महार' शब्द लिहितात. आम्ही तो शब्द १९५६ला टाकला, आम्ही बौद्ध आहोत, मग पुन्हा ते लेबल कशाला? तक्रारीमागची भावना आमचीही आहे. पण १९२७ सालच्या महाडला जे चालत गेले ते त्या दिवशी बौद्ध नव्हते. ते काय होते आणि काय झाले हे सांगायचं तर दोन्ही नावं लागतात. 'अस्पृश्य' ते 'दलित' असा प्रवास सांगणारा त्यांचा निबंधसंग्रह १९९२ साली आला, तेव्हा पुस्तकाच्या नावातच तो प्रवास ठेवला. त्यातल्या 'दलित' शब्दावरूनही आपल्यात दोन तट आहेत, हे माहीत आहे. तो वाद आज इथे नको, चहा थंड होईल.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. बाईंनी आकडे मांडून दाखवलं आहे. १९५१च्या शिरगणतीत देशभर बौद्ध सुमारे १ लाख ८० हजार. १९६१च्या शिरगणतीत साडेबत्तीस लाख. त्यातले जवळजवळ २८ लाख एकट्या महाराष्ट्रात. दहा वर्षांत एवढी उडी जगात कुठल्या धर्माने मारली? आणि लक्षात ठेवा, तेव्हा 'बौद्ध' लिहिलं की केंद्र सरकारच्या सवलती जात होत्या, त्या परत मिळायला १९९० साल उजाडलं. तरीही आपल्या आई-बापांनी शिरगणतीवाल्याला ताठ मानेने 'बौद्ध' सांगितलं. हे वाचताना छाती फुगते. पण बाई तिथे थांबत नाहीत. त्या पुढे सांगतात की हे धर्मांतर मुख्यत्वे एका जातीचं झालं. मातंग, चर्मकार आणि इतर समाज त्या प्रमाणात आले नाहीत. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली निघाला तो सर्व शोषितांसाठी, पण त्याचीही तीच गत झाली.

हे आपल्याला ऐकवत नाही. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने एकदा रागाने विचारलं, ही बाई आपल्याला लहान करायला आली काय? आम्ही म्हणालो, ज्याने दाखवलं त्याच्यावर चिडू नका, जे दिसलं त्याकडे बघा. आपल्या वस्तीत, या विहारापासून दोनशे पावलांवर, मातंग समाजाची घरं आहेत. विहार झाल्यापासून आजवर त्यांच्यातली किती माणसं या सभागृहात येऊन बसली? आपण किती वेळा त्यांच्या दारी गेलो, आणि अण्णा भाऊ साठ्यांच्या जयंतीला निळा झेंडा घेऊन किती जण गेलो? ते आले नाहीत असं आपण म्हणतो. आपण बोलावलं कसं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. भक्ताला हा प्रश्न पडत नाही. इतिहासाच्या प्राध्यापिकेला पडला, आणि तिने तो विचारला, हाच तिचा उपयोग.

तिसरी गोष्ट चोखोबाची. या विषयावर आपल्याकडे बोलणं अवघड, तरी बोलतो. बाईंनी संत चोखामेळ्यावर पुष्कळ लिहिलं, सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा या सगळ्या घरावर लिहिलं. चोखोबाबरोबर एकनाथांवर लिहिलं. २००५ साली रोहिणी मोकाशी-पुणेकर यांच्याबरोबर अस्पृश्य संतांवर एक ग्रंथ संपादित केला. आपले कार्यकर्ते म्हणतात, आम्ही विठोबा सोडला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आता चोखोबाचं काय? जो आयुष्यभर देवळाबाहेर उभा राहून देवाला आळवत राहिला, त्याच्याकडून आम्ही काय घ्यायचं? हा मुद्दा खोटा नाही. आमच्याही घरात चोखोबाची तसबीर नाही आणि लावणारही नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. किसन फागूजी बनसोडे यांच्यासारख्यांना शाळेला नाव द्यायचं झालं तेव्हा चोखामेळ्याचंच नाव सुचलं, कारण आपल्यातला कोणी मोठा झाला याचा तेव्हा तेवढाच पुरावा हाताशी होता. आणि खुद्द बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण यावर ग्रंथ लिहिला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. बाबासाहेबांना मंदिरात जायचं नव्हतं, तरी त्यांनी चोखोबाला नाकारलं नाही. पूजणं वेगळं आणि जाणणं वेगळं. बाई स्वतः ना वारकरी होत्या ना बौद्ध, म्हणून त्यांना दोन्हीकडे मोकळेपणाने बघता आलं असेल. आपल्याला ते अवघड जातं, कारण आपली जखम ओली आहे.

गांधीजींबद्दलही असंच. क्वेकर लोकांना गांधीजींविषयी मोठी ओढ, युद्धाला विरोध म्हणून. त्या वळणातली ही बाई १९७२ साली गांधी आणि आंबेडकर या दोन नेतृत्वांची तुलना करणारा निबंध लिहिते आणि त्यात बाबासाहेबांना गांधींच्या बरोबरीने उभं करून मापते. आज हे कोणालाही जमेल. तेव्हा अमेरिकेत गांधी म्हणजे हिंदुस्थान आणि हिंदुस्थान म्हणजे गांधी होता. त्या निबंधातली सगळीच मतं आम्हाला पटत नाहीत. आम्ही त्या पानांच्या कडेला पेन्सिलीने भांडलो आहोत. पण भांडायलाही समोर पान लागतं.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं राहिले. तिथे त्यांना काय मिळालं यावरही बाईंचा एक निबंध आहे. आपल्या पोरांनी तो जरूर वाचावा, कारण परदेशात शिकायला जायचं आज आपल्या वस्तीतही बोललं जातं.

मोठ्या पुस्तकांच्या मागे ही बाई लागली नाही. ऐंशीच्या वर लेख लिहिले, ते निरनिराळ्या ग्रंथांत आणि नियतकालिकांत विखुरले. मूळ प्रबंध १९६९चा, तो पुस्तक म्हणून छापला गेला २००४ साली, आणि २०१३ साली 'आंबेडकर्स वर्ल्ड' या नावाने पुन्हा. पस्तीस वर्षं तो प्रबंध झेरॉक्स होऊन संशोधकांच्या हातून हाती फिरत राहिला. मुल्कराज आनंद यांच्याबरोबर दलित साहित्याचा इंग्रजी संग्रह १९९२ साली काढला, मराठी सहकाऱ्यांच्या मदतीने दलित कवितांचे अनुवाद केले. आपल्या कवींची नावं परदेशातल्या वर्गांत पोचली त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. २००८ साली त्यांच्या गौरवार्थ दोन ग्रंथ निघाले. जून २०१६ मध्ये त्या वारल्या, नव्वदीला थोडे महिने उरले होते.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. बाईंच्या सुरुवातीच्या कामात चळवळीतल्या बाया फार थोड्या दिसतात. ज्या जात्यावर ओव्या म्हणत होत्या, ज्या सत्याग्रहींना भाकऱ्या बांधून देत होत्या, ज्या स्वतः परिषदांत बोलल्या, त्या कुठे गेल्या? ते काम परदेशातून कोणी येऊन केलं नाही. ते आपल्याच ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी केलं. गावोगाव फिरून म्हाताऱ्या कार्यकर्त्या शोधल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. महिला मंडळाला आमची विनंती आहे, ते पुस्तक विहाराच्या कपाटात आहे, त्यावर धूळ आहे.

आता शेवटचं, आणि ते समितीला नसून घराघराला आहे.

अमेरिकेतून एक बाई आली आणि तिने आपल्या म्हाताऱ्यांना विचारलं, म्हणून ते लिहिलं गेलं. त्यांच्या घरच्या पोरांनी विचारलं होतं काय? आज मुंबईत बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे, आपल्या वस्तीतल्याही चाळी एकेक रिकाम्या होत आहेत. नवं घर मिळतं याचा आनंद आहेच, त्यासाठी आपणच मोर्चे काढले. पण सामान हलवताना पहिलं काय विकलं जातं? माळ्यावरची ट्रंक. त्या ट्रंकेत समता सैनिक दलाची टोपी असते, जनता पत्राचे पिवळे अंक असतात, दीक्षेच्या वेळची पावती असते, जलशाची वही असते, गिरणीचा पास असतो, आजोबांच्या नावे वतनाच्या जमिनीचा एखादा कागद असतो. रद्दीवाला ते किलोवर नेतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही स्वतः रद्दीच्या दुकानातून परिषदेच्या जुन्या हँडबिलांचा एक गठ्ठा परत विकत आणला. कोणाच्या घरचा ते दुकानदाराला सांगता आलं नाही. आता त्या हँडबिलावर नाव नाही, चाळ नाही, काही नाही. ते जपून ठेवलं आहे, पण निम्मा इतिहास त्यातून गेलेला आहे.

कोणी म्हणेल, आम्ही काय प्राध्यापक आहोत? नसू. पण विचारायला आणि लिहून घ्यायला डिग्री लागत नाही. विचारायचं काय? मोठमोठे प्रश्न नकोत. आजी, तू मुंबईला कोणत्या साली आलीस, कोणाबरोबर आलीस, उतरलीस कोणाच्या खोलीत? आजोबा कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, जॉबर कोणत्या जातीचा? पहिल्यांदा बाबासाहेबांना कुठे पाहिलंस, किती लांबून, अंगावर काय होतं? घरातले देव कधी बाहेर काढले, कोणी काढले, कुठे नेऊन सोडले, तेव्हा सासू काय म्हणाली? दीक्षेनंतरचं पहिलं लग्न कोणाचं लागलं आणि ते लावलं कोणी, कारण भन्तेजी तर तेव्हा मिळत नव्हते. उत्तर जसं येईल तसं, तिच्याच बोलीत लिहायचं. सुधारून लिहायचं नाही. तारीख चुकली असं वाटलं तर कंसात लिहा, पण तिचं म्हणणं खोडू नका. मोबाईलवर बोलणं भरून घेतलं तर उत्तमच, मात्र ते कागदावर उतरवा, मोबाईल बदलला की सगळं जातं.

समितीने दोन दोनशे पानी वह्या आणि एक लोखंडी कपाट घेतलं आहे. कपाटाची एक चावी अध्यक्षांकडे आणि एक महिला मंडळाकडे राहील. कागद देणाऱ्याला पोच मिळेल, मूळ कागद द्यायचा नसेल तर झेरॉक्स काढून लगेच परत करू, त्याचे पैसे समिती देईल. येत्या रविवारी वंदनेनंतर चार नंबरच्या चाळीतल्या सगळ्यात वयस्कर आजीकडे चार पोरं आणि दोन पोरी जाणार आहेत. आजींना ऐकू कमी येतं, तेव्हा उजव्या बाजूला बसा आणि मोठ्याने बोला. दुपारी त्या झोपतात, म्हणून अकराच्या आत पोचायचं आहे. आणखी कोणाला यायचं असेल त्यांनी आत्ताच आमच्याकडे नाव द्यावं.

जयभीम. नमो बुद्धाय.